सोळा सेंटिमीटरवरचा आवाज

फेब्रुवारी आला की माझ्या पोटात गोळा येतो. वय अठ्ठावन्न, एक गुडघा कामातून गेलेला, नोकरी संपवून घरी बसलेली बाई मी. मला आता कोण परीक्षेला बसवतंय? पण नाही. सकाळची थंडी ओसरायला लागते, पंखा एकवर ठेवायचा की दोनवर यावरून घराघरांत कुरबुर सुरू होते, खालच्या मजल्यावरची बारावीतली जुई खाकी कव्हराचं जर्नल छातीशी धरून जिना चढते, आणि माझे तळहात ओले होतात.

परवा ती माझ्याकडेच आली. म्हणाली, "काकू, व्हायवाची उत्तरं म्हणून दाखवते. तुम्ही फक्त ऐका ना."

फक्त ऐका. किती सहज म्हणाली पोरगी. मी चष्मा काढून ठेवला आणि ऐकायला बसले. ती घडाघडा म्हणत होती. लाट म्हणजे हेलकावा पुढे जाणं, पाणी किंवा हवा पुढे जात नाही, ती जागच्या जागी डुलते. एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर ती तरंगलांबी. सेकंदाला किती लाटा जातात ती वारंवारता. दोन्हींचा गुणाकार केला की वेग. मग आयामापाशी अडकली आणि पेनचं टोपण चावायला लागली.

"जागेवरून किती हललं, ते," मी म्हटलं.

"काकू, तुम्हाला अजून आठवतं?"

"आठवतं कसलं, विसरायची सोय नाही," मी म्हटलं. तिला तो विनोद वाटला. ती हसली, मीही हसले, आणि ती गेल्यावर उगाचच दाराची कडी दोनदा तपासून आले.

मी मूळचीच घाबरट. पण त्या वर्षी, ऐंशीच्या दशकाच्या मधोमध कधीतरी, मी बारावीला होते तेव्हा जी भीती माझ्या अंगात शिरली ती पालीची, अंधाराची किंवा नापास होण्याची नव्हती. ती नेमकी कधी शिरली तेसुद्धा मला सांगता येतं. जानेवारीतला रविवार होता, सकाळचे दहा वाजले होते.

आम्ही अंधेरीच्या पूर्वेला, मरोळच्या बाजूला चाळीत राहायचो. चाळीच्या मागे दगडाची खदान होती, अर्धी पाण्याने भरलेली, अर्धी चालू. पलीकडच्या काठावर वडारी घण घालायचे. फिजिक्सच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं, आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जातो, पण पुस्तकावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. माझी मैत्रीण स्मिता, लॅबमधली माझी जोडीदारही तीच, तिच्या बाबांचं घड्याळ घेऊन माझ्याबरोबर काठावर उभी राहिली. घण खाली येताना दिसतो, आणि आवाज मागाहून, अर्ध्या सेकंदाने येतो. ते मधलं अंतर पकडायचं होतं.

घण खाली आला. "आला," स्मिता म्हणाली. पुन्हा आला. "हा बघ, आला." मी उभी होते. घण पडताना दिसत होता, दगडाचा कपचा उडताना दिसत होता, घण पुन्हा वर जाताना दिसत होता. आवाज येत नव्हता. मला वाटलं, मला अर्धा सेकंद पकडता येत नाहीये, माझं लक्ष नाही. मी श्वास रोखून पाहिला. दहा वेळा घण पडला आणि दहा वेळा स्मिता "आला" म्हणाली.

"तुला किती वाटलं गं, मंगल?" तिने विचारलं.

"अर्धा सेकंदच," मी म्हटलं. आयुष्यातलं माझं पहिलं खोटं रीडिंग ते.

घरी आले आणि जिन्यात बसून राहिले. कारण आमच्या घरात हे आधी झालेलं होतं. माझी शकूआत्या, बाबांची धाकटी बहीण, तेव्हा अडतीस वर्षांची होती आणि तिला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. विसाव्या वर्षी लग्न होऊन ती राजापूरकडे सासरी गेली, तेव्हा तिचे कान चांगले होते म्हणे. मग हळूहळू सासऱ्यांच्या हाका तिला ऐकू येईनाशा झाल्या. सासूने सगळीकडे सांगितलं, सून माजोरी आहे, हाक मारली तरी मान वर करत नाही. बहिरी आहे हे कळलं तेव्हा तर काय, आयतंच कारण मिळालं. दोन वर्षांनी तिला ट्रंकेसकट आमच्याकडे आणून सोडलं. आजीचेही कान असेच गेले होते, हे तेव्हा घरातल्या कुणाला तरी आठवलं. त्यानंतर तो विषय आमच्याकडे कुणी काढायचं नाही असं ठरून गेलं.

आता मागे वळून पाहिलं की सगळ्या खुणा दिसतात. आई चिडून म्हणायची, "कान कुठे गहाण टाकलेस गं?" बसमध्ये कंडक्टर दोनदा विचारायचा. आणि माझा आवाज. बहिरी माणसं मोठ्याने बोलतात असं सगळ्यांना वाटतं, पण आमच्या घराण्याचा बहिरेपणा वेगळा. आत्या इतकं हळू बोलायची की समोरच्याला पुढे वाकावं लागायचं. तिला स्वतःचा आवाज डोक्यात मोठा ऐकू यायचा ना. आणि त्या डिसेंबरात वर्गात सर मला दोनदा म्हणाले होते, "मोठ्याने बोल, घाबरतेस कशाला?"

आणखी एक. लोक आत्याशी बोलताना ओरडायचे, ते ठीक, पण ओरडता ओरडता आवाज बारीक, किरटा करायचे. फिजिक्स शिकल्यावर मला कळलं की ते आयाम वाढवताना वारंवारताही वाढवून ठेवतात, म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. शिवाय चेहराही असा करतात की समोरच्या बाईला वाटावं आपण काहीतरी गुन्हा केलाय. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि त्या चेहऱ्यांची मला भीती वाटायची. ते चेहरे उद्या माझ्याकडे वळणार, हे मला दिसत होतं.

आईची भीती निराळी. ती वाईट बाई नव्हती, हे मी आधीच सांगते. पण आत्याचं जे झालं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. चाळीत कुणाच्या मुलीचं काही व्यंग उघड झालं की ती म्हणायची, "कळायच्या आत उजवून टाकायला हवं होतं. मग काय ते होऊ दे." डोंबिवलीचं एक स्थळ तिच्या मनात होतं. बारावी होऊ दे, मग बघू, असं बाबांनी तिला थोपवून धरलं होतं. माझ्या कानांचं कळलं असतं तर मे महिन्यात मी डोंबिवलीला असते, आणि दोन वर्षांनी ट्रंकेसकट परत. हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की जेवताना घास उतरत नव्हता.

म्हणून कुणाला कळू द्यायचं नाही. ठरलं. ओठ वाचायला मी आत्याकडे बघून शिकले. चारचौघांत अशी बसायचे की सगळ्यांची तोंडं दिसावीत. कुणी हसलं की हसायचे. रात्री अंथरुणात माझं मनगटावरचं घड्याळ कानाशी धरून टिकटिक शोधायचे. एके रात्री वैतागून मी ते दातांत धरलं, तर टिकटिक खणखणीत ऐकू आली. मी इतकी घाबरले की ते थुंकूनच टाकलं. दातांना येतं आणि कानांना येत नाही, म्हणजे आपल्या डोक्यात काहीतरी भयंकर झालंय, याची मला खात्री पटली.

पार्ल्याच्या आमच्या कॉलेजात लॅबमध्ये दोघींची जोडी असायची. रेझोनन्स ट्यूबचा प्रयोग म्हणजे पाण्याच्या उंच भांड्यात एक नळी उभी धरायची, नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, रबरावर आपटून नळीच्या तोंडाशी न्यायचा, आणि नळी हळूहळू वर घ्यायची. एका ठरावीक लांबीला आतली हवा काट्याच्या सुरात सूर मिळवते आणि नळी घुमते. ती लांबी मोजायची. तरंगलांबीचा चौथा हिस्सा आला, चारने गुणायचं, काट्याच्या वारंवारतेने गुणायचं, आवाजाचा वेग हातात. सुंदर प्रयोग आहे, आज मला ते कळतं. तेव्हा मी फक्त पट्टी वाचायचे आणि जर्नल लिहायचे. काटा आणि कान स्मिताचे. "तुझं अक्षर चांगलंय, तू लिही," असं तीच म्हणायची, आणि मी तिचे उपकार मानायचे.

पण प्रॅक्टिकल परीक्षेत एकटीने बसायचं असतं. आणि प्रयोग कुठला, ते चिठ्ठीवर.

त्यावर मी उपाय काढला. आमच्यातल्या कुणाही हुशार मुलाने काढला असता तोच. रीडिंग पाठ केली. काट्यावर त्याची वारंवारता कोरलेली असते. पाचशे बाराला सोळा सेंटिमीटर, चारशे ऐंशीला सतरा पूर्णांक दोन, चारशे सव्वीसला साडेएकोणीस, असं करत दोनशे छप्पनला तेहेतीसपर्यंत. पाढ्यासारखं पाठ. शिवाय तीन रीडिंग तंतोतंत सारखी लिहायची नाहीत, एक मिलिमीटर इकडे, एक तिकडे, हे शहाणपण प्रत्येक बॅचला आधीच्या बॅचकडून मिळतंच. जानेवारीचा शेवट येईपर्यंत मला वाटायला लागलं, निभावेल.

परीक्षेच्या सकाळी लॅबच्या दारातल्या टेबलावर बशीत घडी घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. कुणी गणपतीचं नाव घेत होतं, कुणी हात ओढणीला पुसत होतं. मी बशीतली मधली चिठ्ठी उचलली. उघडली. रेझोनन्स ट्यूब. मागे स्मिता उभी होती, ती काहीतरी पुटपुटली. तोंडावरून 'झकास' असावं. तिला सोपा प्रयोग वाटला.

टेबलाशी गेले आणि माझी वाटच लागली. काट्यावरच्या आकड्यावर कुणीतरी पांढरी चिकटपट्टी लावली होती. खाली प्रश्न होता, या काट्याची वारंवारता शोधून काढा. बाहेरून आलेल्या परीक्षकांचं हे काम. पाठांतरवाल्यांची त्यांना माहिती असणार.

मग मी डोळ्यांनी अंदाज काढला. काटा जितका आखूड तितका सूर चढा, एवढं ठाऊक होतं. पलीकडच्या टेबलावर एक काटा पडला होता, त्याचा आकडा उघडा होता, चारशे ऐंशी. लांबीला माझ्या काट्याएवढाच दिसत होता. म्हणजे सतरा पूर्णांक दोन. पुढचा अर्धा तास मी नाटक केलं. काटा आपटला, नळीशी नेला, स्मिता करते तशी मान कलती केली, डोळे बारीक केले, नळी वर घेतली, खाली घेतली, पट्टीवर बोट ठेवलं. सतरा पूर्णांक दोन. सतरा पूर्णांक एक. सतरा पूर्णांक तीन.

परीक्षक कधी शेजारी येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. अर्थातच. पांढऱ्या बुशशर्टातले, पिकल्या मिशांचे गृहस्थ. त्यांनी काहीतरी एकदा विचारून झालं असावं, कारण मी वर पाहिलं तेव्हा ते उत्तराची वाट बघत होते.

"कितीवर आला आवाज?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"सतरा पूर्णांक दोनवर, सर."

त्यांनी काटा माझ्या हातातून घेतला. पाठ करून रबराकडे वळले, परत फिरले आणि काटा नळीच्या तोंडाशी धरला. नळी बरोबर माझ्या खुणेवर होती. "आता येतोय?" मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा सौम्य होता, मान किंचित हलली.

"हो सर. मोठा येतोय."

त्यांनी काटा माझ्याकडे दिला. "धर." मी धरला. वाजलेला काटा बोटांना गुदगुल्या करतो. हा थंड, मुका होता.

"मी वाजवलाच नव्हता," ते म्हणाले.

त्या क्षणाची भीती मला आजही शब्दांत पुरती धरता येत नाही. पायाखालची जमीन वगैरे काही सरकली नाही. उलट सगळं फार स्वच्छ दिसायला लागलं. टेबलावरचा पाण्याचा थेंब, त्यांच्या खिशातलं शाईचं पेन, आणि त्यापलीकडे मांडव, डोंबिवली, ट्रंक. मला वाटलं, हे आता हेडना बोलावतील, हेड बाबांना बोलावतील. मी रडले नाही. रडायलाही थोडं धैर्य लागतं.

त्यांनी काटा पुन्हा माझ्या हातातून घेतला. काटा खरोखर आपटला आणि त्याचा दांडा माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला. आवाज आला. आख्ख्या कवटीत घुमला, देवळाच्या घंटेखाली उभं राहावं तसा. मग त्यांनी तोच काटा कानासमोर धरला. काही नाही. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

"कधीपासून?"

"सर, घरी सांगू नका," मी म्हटलं.

"मी कशाला तुझ्या घरी जातोय? पण कानाच्या डॉक्टरला दाखव. हाडावरून ऐकू येतंय म्हणजे आतली नस जागी आहे, एवढं मला कळतं." मग नळीकडे बोट करून म्हणाले, "काटा पाचशे बाराचा आहे, जाड्या घडणीचा, म्हणून तुला लांब वाटला. आवाज सोळावर येतो. याचे मार्क मी देऊ शकत नाही. तो सोनोमीटर रिकामा आहे, तिथे बस. त्याला डोळे पुरतात."

सोनोमीटर म्हणजे लाकडी खोक्यावर ताणलेली तार. तारेवर कागदाचा इवलासा घोडा बसवायचा, काट्याचा दांडा खोक्यावर टेकवायचा, आणि तारेची लांबी बरोबर जुळली की तार थरारते आणि घोडा उडून पडतो. ऐकायचं काही नाही. पण माझे हात असे कापत होते की घोडा आधी त्यानेच पडायचा. सहा वेळा पडला. सातव्यांदा खरा पडला.

ही गोष्ट मी सांगितली ती आत्याला, आणि सांगितली साकीनाक्याला. ती तिथे एका वर्कशॉपात विजेच्या बटनांचे सुटे भाग जुळवायची, शेजारी पॉवर प्रेस धडाधड पत्रे कापत असायचे. तिथे एक चमत्कार व्हायचा. त्या गोंगाटात आत्याला ऐकू यायचं. सगळे यंत्रांच्या वर आवाज काढून बोलत, आणि यंत्रांची घरघर तिच्या कानात शिरतच नसे, नुसते शब्द शिरत. दोन आठवड्यांपूर्वी मी तिला डबा द्यायला गेले होते, तेव्हा मलाही तिथे घरापेक्षा चांगलं ऐकू आलं होतं. बाकीच्या बाया कानांत बोळे घालून बसलेल्या आणि आम्ही दोघी आरामात बोलतोय. त्या दिवशी मी डबा तिथेच ठेवून पळून आले होते.

आता मात्र मी प्रेसच्या शेजारी उभी राहून, घसा फोडून, तिला सगळं सांगितलं. घण, काटा, परीक्षक, डोंबिवली. तिथे दुसऱ्या कुणाला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. ती हातातलं काम न थांबवता ऐकत होती. मग म्हणाली, "माका दिवाळीपासून म्हायत हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू भियात होतंस, म्हणान." आणि थोड्या वेळाने, "मी पण."

आईला सांगितलं की आत्याला डॉक्टरकडे न्यायचंय. खोटं काहीच नव्हतं त्यात. मोठ्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी दोघींनाही तपासलं, आणि मशीनवर आलेले दोघींचे आलेख टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आडव्या रेघेवर वारंवारता, उभ्या रेघेवर ऐकू येण्यासाठी आवाजाला लावावा लागलेला जोर. तिची रेघ माझ्या रेघेपेक्षा खोल गेलेली होती, वळण तेच. मला माझा एकवीस वर्षांनंतरचा कागद बघितल्यासारखं झालं आणि मी मान फिरवली.

डॉक्टरांनी समजावलं. कानात तीन हाडं असतात, शेवटचं घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं, तांदळाएवढं. ते हलायला हवं, तुमचं गोठलंय. लाट येते, पण दारात अडते. ऑपरेशन करून ते काढतात आणि तिथे बारीकशी काडी बसवतात. बहुतेकांना ऐकू येतं. "क्वचित कुणाचा तो कान कायमचा जातो, हेही सांगायला हवं," ते म्हणाले.

बाकीचं मला काही ऐकू आलं नाही, कायमचा जातो एवढंच आलं. मी म्हटलं, मी करणार नाही. आत्ता निदान थोडं येतंय, तेही गेलं तर? मी आत्याचा हात असा धरला होता की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उठला. आत्या डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "पयलो माझो करा. हिची परीक्षा हा." आणि मला म्हणाली, "भियू नको गो. मी बघून येतंय."

तिचं ऑपरेशन माझ्या पेपरांच्या मधल्या आठवड्यात झालं. पट्टी काढायच्या दिवशी माझा फिजिक्सचा पेपर होता, म्हणून ती एकटीच गेली. मी घरी आले तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती. माझं तोंड उघडायच्या आत हसून म्हणाली, "माका आयकाक येता." आई पदराने डोळे पुसत होती. आत्या सांगत होती, बसमध्ये सुट्ट्या पैशांची खुळखुळ ऐकली, रस्त्यात कुणाच्या तरी पैंजणांचा आवाज ऐकला, नळाचं पाणी किती बोलतं गो. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मी पोटभर जेवले.

मग आत्यानेच आईबाबांना माझं सांगितलं. आई मटकन खाली बसली. "म्हणजे आता हिचंही..." म्हणायला लागली, तर आत्या पुढे झाली. "माझो बरो झालो, तिचो होतलो. लग्नाची घाई कित्याक? आधी कान, मगे कॉलेज." आमच्या घरात आत्याने कुणाला काही ठणकावून सांगायची ती पहिलीच वेळ. आई नुसती मान हलवत राहिली. डोंबिवलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मे महिन्याच्या शेवटी माझं ऑपरेशन झालं. टेबलावर झोपवलं तेव्हा मी मनात एकच म्हणत होते, आत्याला येतं ना, मग मलाही येईल. आणि आलं. पट्टी काढली तेव्हा नर्सने ट्रेमध्ये कात्री ठेवली, तो आवाज मला आला.

ते यश आज चाळीस वर्षं माझ्या कानात आहे. त्या जोरावर मी पदवी घेतली, नोकरी केली, लग्न माझ्या सवडीने केलं. आत्या आता नाही. पण जुई परवा म्हणाली ना, की लाट पुढे जाते आणि पाणी जागेवरच राहतं, तेव्हा माझ्या पोटात जो गोळा आला तो परीक्षेचा नव्हता. लहरींविषयी मला जेवढं मोजायला शिकवलं तेवढं मी शिकले होते, लांबी, वारंवारता, आयाम, वेग. माझ्या घरात मात्र एक गोष्ट दोन महिने मी मोजून पाहिली नाही. मनात कुठेतरी शंका होती का? आज सांगते, होती. आत्या अजूनही तोंडाकडेच बघून बोलायची. पण रीडिंग घ्यायची माझी छाती झाली नाही, कारण ते चुकीचं आलं असतं तर मी टेबलावर गेले नसते.

रुग्णालयातून घरी आले ती दुपार. आत्या दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. ऑपरेशनचा उजवा कान माझ्या बाजूला. तिच्या डाव्या बाजूला भिंत. नवा कान मिळाल्याचा मला आनंद झाला होता, मला तिची गंमत करायची होती. मी उंबऱ्यातून हळूच म्हटलं, "आत्या." तिची बोटं तांदळात फिरत होती. मी एक पाऊल पुढे आले, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "शकूआत्या." मग अगदी तिच्या खांद्यामागे उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं. माझा स्वतःचा आवाज मला इतका मोठा ऐकू आला की मी दचकले. तिने एक खडा वेचून बाजूला ठेवला.

मी पुढे जाऊन तिच्यासमोर बसले. ती हसली. मग माझा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं.

"कधी गेला?" मी विचारलं.

"पट्टी काढली तेव्हाच. डॉक्टर बोलले, क्वचित होता तां झाला." तिने ताट मांडीवरून खाली ठेवलं. "तुका सांगितला असता, तर तू टेबलावर झोपली असतंस?"

मी 'नाही' म्हटलं. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. ती माझ्या ओठांकडेच बघत होती.